घरापुरतं भात भरडायचं मशीन घ्यावं का?

कणीकापूर
मंडळी, राजापूर तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे. आई गावाला असते, मी मुंबईला. पेरणी, लावणी आणि कापणीला धावत जातो. दरवर्षी साधारण १४ पोती भात होतं, पोतं ५० किलोचं. बरंचसं रत्नागिरी २४, आणि पेजेसाठी दोन पोती लाल.

भात विकायचं नसतं. घरात आणि बहिणीकडे जातं. अडचण गिरणीची. वाडीतली गिरणी बंद झाली, आता ९ किलोमीटरवर जावं लागतं. टेम्पोवाला खेपेला ६०० घेतो. वर्षात चार खेपा तरी होतात, कारण सगळं एकदम भरडून ठेवलं तर सोंडे होतात. भरडाई किलोला ३ रुपये. एवढं करून ५० किलोच्या पोत्याला अख्खा तांदूळ जेमतेम २८ किलो हाती येतो, वर ६ किलो कणी. गिरणवाला हात मारतो असा मला दाट संशय आहे.

हल्ली सिंगल फेजवर चालणारी ३ एचपीची छोटी मशिनं मिळतात. २४ हजार सांगतात. कुणी घरी वापरलंय का? कणी कमी पडते का? आई म्हणते नको. का नको ते सांगत नाही.

पेजवाली
आई का नको म्हणते ते आधी विचारा. अर्धा धागा इथेच वाचेल.

बारा_भानगडी
नाव आवडलं. कणी झाली की कणीकापूर, तांदूळ झाला की काय ठेवणार? बासमतीनगर?

हिशेबनीस
आकडे मांडू या. १४ पोती म्हणजे ७०० किलो. भरडाई २१००, टेम्पो २४००. वर्षाला ४५००. मशीन २४ हजार, वायरिंगचे चार-पाच हजार धरा. सहा-साडेसहा वर्षांत वसूल, तेही मध्ये काही बिघडलं नाही तर.

पण त्याहून गमतीचं म्हणजे ही मशिनं तासाला साधारण १०० किलो भरडतात. तुमचं मशीन वर्षात सात तास चालणार. उरलेलं वर्ष पडवी अडवून बसणार.

आणि एक. २८ अधिक ६ म्हणजे ३४. पन्नासातले चौतीस म्हणजे शंभराला ६८. भातातलं साधारण वीस टक्के तूस, आठ-दहा टक्के कोंडा, खाली अडुसष्ट-सत्तर टक्के तांदूळ राहतो. म्हणजे तुमचा माल पुरता परत येतोय. गिरणवाला चोर नाही हो. तांदूळ तुटतोय, एवढंच.

बारा_भानगडी
सात तास तर सात तास. आमची ट्रेडमिल वर्षाला दोन तास चालते, बाकी वेळ तिच्यावर कपडे वाळतात.

कणीकापूर
हिशेबनीस, हे लक्षातच आलं नव्हतं. चार वर्षं त्या माणसाशी धड बोललो नाही मी.

मावळचा_पाऊस
आम्ही घेतलंय, तीन वर्षं झाली. घरचा इंद्रायणी असतो. खरं सांगतो, पैशाच्या हिशेबात बसत नाही. पण लागेल तसा दहा-पंधरा किलो भरडायचा आणि त्याच आठवड्यात खायचा, याची चव एकदा लागली की भरडून सहा महिने डब्यात पडलेला तांदूळ नको वाटतो. इंद्रायणीचा वास ताज्यातच खरा येतो. भात आपल्या टरफलात असेल तोवर टिकतो. तूस काढलं की त्याचे दिवस मोजायला लागायचे.

आता तक्रारी. पहिलं, विजेचं. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलं की मोटर नुसती हुंकार देते, उठत नाही. दोन कपॅसिटर गेले. आता सकाळी सहाला भरडतो. दुसरं, धूळ. अंगाला जी खाज सुटते ती आंघोळीशिवाय जात नाही. घरात ठेवू नका, गोठ्याच्या बाजूला ठेवा. तिसरं, उंदीर. मशीनच्या पोटात मूठभर कोंडा राहतोच, त्याच्या वासाने येतात आणि मग वायर कुरतडतात. काम झालं की जाळी काढून झाडून घ्यायचीच.

खळ्यावरचा
कोणतं मशीन हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. दोन जाती आहेत आणि विकणारा दोन्हीला मिनी राईस मिलच म्हणतो.

एकात लोखंडी रोलर असतो, खाली जाळी, बाजूला पट्टी. भात त्यात रगडला जातो, तूस आणि कोंडा एकाच दमात निघतो. जुन्या गिरणीतल्या हलरचंच हे पिल्लू. स्वस्त, साधं, गावचा फिटरसुद्धा दुरुस्त करतो. पण रगडून काढत असल्याने कणी जास्त, आणि तूस-कोंडा एकत्र पीठ होऊन येतो. तो म्हशीला घातला तरी त्यात अर्ध्याहून जास्त तूसच. तुसात वाळूचाच अंश फार, जनावराला त्याचा उपयोग नाही.

दुसऱ्यात दोन रबरी रोल असतात, उलट दिशेने आणि कमी-जास्त वेगाने फिरणारे. दाणा मधून जाताना त्याचं टरफल ओरबाडून निघतं, दाणा अख्खा राहतो. तूस वेगळं, मग हवा तर पॉलिश वेगळा. कणी कमी, कोंडा स्वच्छ. किंमत जास्त, आणि रबर झिजतं, ते बदलावं लागतं.

२४ हजारात तुम्हाला दाखवलंय ते पहिल्या जातीचं असणार. ते घेऊन कणी कमी होईल अशी आशा धरू नका. आणि तुमचं लाल भात त्यात घातलंत तर वरचा लाल थर कोंड्यात जाईल आणि हातात पांढराच तांदूळ येईल.

पेजवाली
लाल तांदळाबद्दल शंभर टक्के. माझ्या मावसभावाने हौसेने लाल भात घातलं, आला गुलाबी-पांढरा ठिपक्याठिपक्यांचा तांदूळ. मावशी म्हणाली, "ह्याची पेज करू की रांगोळी घालू?"

धानकरी_भंडारा
आधी एक भाषेचा प्रश्न. तुम्ही शेतात उभं असतं त्याला भात म्हणता, पोत्यात असतं त्याला भात म्हणता, ताटात असतो त्यालाही भात म्हणता. आमच्याकडे शेतात धान, भरडला की तांदूळ, शिजला की भात. तीन वस्तू, तीन नावं. तुमचं कसं चालतं?

खळ्यावरचा
शेतात ते भात, ताटात तो भात. लिंग बदलतं ना! ते वाळलं आणि तो शिजला. एवढ्याने कळतं.

धानकरी_भंडारा
हे मान्य, हुशारी आहे :-)

मूळ मुद्दा. आमच्या भागात गावोगाव राईस मिल, त्यामुळे घरी मशीन ही कल्पनाच कमी. पण आजीकडे ढेकी होती. एका टोकाला पायाने दाबायचं, दुसऱ्या टोकाचं मुसळ खाली धानावर पडायचं. ढेकीचा तांदूळ मातकट दिसायचा पण दोन घासांत पोट भरायचं.

आमच्याकडचा एचएमटी तांदूळ तुम्ही शहरात खाताच. तो नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. १९८३ साली पटेल ३ वाणाच्या शेतात त्यांना वेगळ्याच लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी निवडून वाढवल्या. घड्याळावरून नाव पडलं. इतका बारीक दाणा रगडणाऱ्या मशीनमध्ये घातला तर तुमचं टोपणनाव सार्थ होईल.

बारा_भानगडी
म्हणजे जाड तांदूळ लावा आणि सुखी व्हा.

नागोयाची_नमू
मी जपानमध्ये राहते. इथली गंमत सांगते. खेड्यापाड्यांत, पेट्रोल पंपाच्या कडेला टेलिफोन बूथसारख्या खोल्या असतात. आत तांदूळ सडायचं, म्हणजे वरचा कोंडा काढायचं मशीन. लोक घरी नुसतं तूस काढलेला तपकिरी तांदूळ ठेवतात, लागेल तेव्हा दहा किलो गाडीत टाकून आणतात, शंभर येनचं नाणं टाकतात, आणि किती सडायचा त्याचं बटण दाबतात. पूर्ण पांढरा, सात आणे, पाच आणे, तीन आणे असं समजा. पाचेक मिनिटांत काम होतं. कोंडा बाजूच्या खोलीत साठतो, तो लोक बागेला किंवा लोणच्याला फुकट नेतात. हो, कोंड्यात मुरवलेलं लोणचं इथे घरोघरी असतं.

माझे सासरे कणकवलीचे. इथे आले तेव्हा बूथ बघून थक्क झाले. म्हणाले, आमच्या गिरणीत पण सडायचं प्रमाण सांगता यायचं, फक्त बटणाऐवजी गिरणवाल्याला ओरडून सांगावं लागायचं.

वर्धेचा_सूत
सडण्यावरून आठवलं. हातसडीचा तांदूळ हा आज मॉलमधला शब्द झालाय, पण १९३४ साली गांधीजींनी वर्ध्यात ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा गिरणीच्या पांढऱ्या तांदळाविरुद्ध हातसडीचा तांदूळ हा त्यातला मोठा विषय होता. एक बाजू रोजगाराची, दुसरी पोषणाची. पोषणाची बाजू त्याआधीच जावा बेटात कळली होती. आइकमन नावाच्या डच डॉक्टरला दिसलं की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि बिनसडीचा दिला की उठून चालतात. त्याला १९२९ चं नोबेल मिळालं. कोंड्यात ब जीवनसत्त्व असतं ते असं कोंबड्यांनी दाखवून दिलं.

त्यामुळे घरच्या मशीनचा खरा फायदा हाच की किती सडायचं ते आपल्या हातात. नाहीतर कोंडा म्हशीला, आणि आपण गोळ्या विकत घेऊन खायच्या.

पेजवाली
उकड्या तांदळाचं पण सांगा ना. भात भिजवून उकडलं की कोंड्यातलं सत्त्व दाण्यात उतरतं, आणि दाणा टणक होतो म्हणून कणी जवळजवळ पडत नाही. आम्ही सिंधुदुर्गातले लोक उगाच पेज पीत नाही. फक्त तो वास शहरातल्या सुनांना झेपत नाही. मला लग्नानंतर दोन वर्षं लागली.

टाकसाळ_नाक्यावरून
उकडा? तो तर रेशनच्या दुकानातल्या वासाचा तांदूळ. नको बाबा.

पेजवाली
तुम्ही पाच पोती सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ खा, मी एक वाटी पेज आणि खारातला आंबा घेते. बघू कोण आधी झोपतं.

दुरुस्तीवाला
मी मोटर बांधतो, म्हणून चार शब्द. ३ एचपी सिंगल फेजची मोटर चालताना १५ अँपिअरच्या आसपास ओढते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. फ्रीजच्या प्लगला जोडणारे मी बघितलेत. मीटरपासून वेगळी, चांगली जाड वायर ओढा, वेगळा एमसीबी लावा, अर्थिंग तपासून घ्या. लांब वायरीवर व्होल्टेज पडतं आणि वरच्या मावळच्या दादांसारखे कपॅसिटर जातात.

शेजाऱ्यांचं भरडून पैसे घेणार असाल तर घरगुती मीटरवर ते चालत नाही, हे आधी ध्यानात घ्या.

आणि पट्ट्याला जाळी बसवल्याशिवाय बटण दाबू नका. स्वस्त मशीनमध्ये ती जाळी बहुधा नसतेच. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, पदर पट्ट्यात गेला. नशिबाने पदर फाटला आणि त्या वाचल्या. आई एकटी असते म्हणता, तर एकटीने चालवायचं नाही हे पक्कं करा.

खळ्यावरचा
हेच आईचं "नको" असेल कदाचित.

शिरगावची_सून
मला गिरणी बंद झाल्याचंच वाईट वाटतं. आमच्या गावी गिरणीत नंबर लावून बसायचं, तोवर कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न ठरलं, सगळं कळायचं. सासूबाई भरडून आल्या की आम्ही आधी तांदूळ नाही, बातम्या पाखडायचो. आता घरोघरी मशीन आलं की ते पण गेलं.

हिशेबनीस
ताई, ९ किलोमीटर टेम्पोने जाऊन बातम्या आणायच्या तर त्या पण महागच पडतात. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं.

चार-पाच घरांनी मिळून एक रबरी रोलवालं घ्यावं असं मला वाटतं. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अवजारांच्या अनुदानात मिनी राईस मिल असते, सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नका, आधी घेतलेल्याला अनुदान मिळत नाही.

मावळचा_पाऊस
चार घरांचं मशीन म्हणजे जाळी कुणी बदलायची यावरून चार वर्षं भांडण. आमच्या वाडीत फवारणी पंप असाच आहे. पंप चालू आहे, बोलणं बंद आहे.

जुनं_ते_सोनं
घिरट कुणाकडे आहे का? लाकडी, भात भरडायचं. माझ्या आजोळी दोघीजणी समोरासमोर बसून ओढायच्या आणि मग व्हायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात सडायच्या. मला एक हवंय. शोभेला नाही, खरंच वापरायला.

बारा_भानगडी
विजेचं बिल नाही, कपॅसिटर नाही, ट्रेडमिलचंही काम होईल. कणीकापूर, हे घ्या.

खळ्यावरचा
कणीकापूर, मशीन राहू द्या बाजूला. एक करून बघा. तुमच्या पोत्यातले शंभर दाणे घ्या, नखाने सोला, मशीन नको. सोललेला दाणा मोबाईलच्या बॅटरीवर धरा. आडवी चीर दिसते का मोजा. आणि भात कुठे वाळवता ते सांगा.

कणीकापूर
घराच्या स्लॅबवर. ऊन चांगलं लागतं. दोन दिवसांत खडखडीत.

खळ्यावरचा
रात्री झाकता?

कणीकापूर
नाही. कोण रोज वर-खाली करणार? सकाळी ऊन आलं की दव उडून जातं.

पेजवाली
अगं आई गं.

खळ्यावरचा
शंभर दाणे मोजा आणि मग या.

टाकसाळ_नाक्यावरून
धागा सस्पेन्सवर आलाय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. म्हणजे मक्याच्या लाह्या. तांदळाच्या असत्या तर विषयाला धरून झालं असतं.

कणीकापूर
या शनिवारी गावी आलोय. शंभर दाणे सोलले. नखं दुखतायत. २६ दाण्यांना चीर. काहींना दोन-दोन. मशीन लागलेलं नाही, गिरणी लागलेली नाही, माझ्या नखांखेरीज काही लागलेलं नाही.

खळ्यावरचा
तेच. तापलेल्या स्लॅबवर दाण्याचं बाहेरचं अंग भराभर सुकतं, आतलं ओलं राहतं, मग ताण पडून चीर जाते. त्यावर रात्री दव पडलं की सुकलेला दाणा पाणी ओढतो आणि पुन्हा चिरतो. असा दाणा हलरमध्ये घाला, रबरात घाला नाहीतर जपानच्या बूथमध्ये घाला, तुटणारच. घिरटातसुद्धा तुटेल.

खळं सारवून त्यावर किंवा बांबूच्या तट्टीवर, जाडसर थर, तासातासाने पायाने वर-खाली. दुपारचं कडक ऊन असेल तेव्हा गोळा करून झाकायचं. संध्याकाळी दव पडायच्या आत ढीग करून झाकायचा. तीन-चार दिवस लागतील, लागू द्या. दाताखाली दाणा कट्ट वाजला की पुरे, त्यापुढे वाळवायचं नाही. ओलावा चौदा टक्क्यांच्या आसपास हवा असं पुस्तकं म्हणतात, दात पण तेच म्हणतो. मग आठवडाभर कणगीत मुरू द्यायचं आणि नंतर भरडायचं.

कणीकापूर
आईला सगळं वाचून दाखवलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "स्लॅब टाकलास तेव्हाच सांगितलं होतं, खळं मोडू नको. तुला गाडी लावायला जागा हवी होती."

तर खळ्यावर माझीच गाडी उभी असते.

पेजवाली
आमच्याकडची म्हातारी माणसं याला म्हणाली असती, "भात वाळवूक येना नाय आणि मशीन घेवक निघालो!"

नागोयाची_नमू
मग मशीन घेणार की नाही?

कणीकापूर
यंदा नाही. दिवाळीनंतर गाडी रस्त्याला लावायची, खळं पुन्हा करायचं, आणि तीन पोती आईच्या पद्धतीने वाळवून त्याच गिरणीत न्यायची. कणी सहाची तीन झाली तरी बास. हेलपाट्याचा प्रश्न तसाच आहे, त्यासाठी पुढच्या वर्षी रबरी रोलवाल्याचा विचार करीन, वाडीतली दोन घरं तयार आहेत. मावळच्या दादांचा फवारणी पंप लक्षात ठेवून आधीच लिहून घेईन.

आज सकाळी गिरणीवर जाऊन आलो. भात नव्हतं, असाच गेलो. त्याने चहा पाजला. माझं भात हातात घेतल्यावरच त्याला कळायचं म्हणाला. मग बोलला का नाहीस विचारलं, तर म्हणाला, "तुमी रागात असायचात."

हिशेबनीस
साठलेली कणी किती आहे? कण्या-ताकाचा धागा काढा वेगळा.

शिरगावची_सून
गिरणीत बातमी मिळाली की नाही काही?

कणीकापूर
मिळाली. गिरणवाल्याच्या माळ्यावर एक लाकडी घिरट आहे. @जुनं_ते_सोनं, फुकट देतो म्हणाला. उतरवायला चार माणसं तुमची तुम्ही आणायची.

जुनं_ते_सोनं
या रविवारी येतो. टेम्पोवाल्याचा नंबर निरोपातून कळवा.